उजव्या कानाचं दुसरं ऑपरेशन

कान-नाक-घशाच्या ओपीडीबाहेरच्या बाकावर मी बरेच तास काढले. तिथे दुसऱ्यांदा ऑपरेशन करून घ्यायला आलेलं मला एकही माणूस भेटलं नाही. सगळे पहिल्यांदाचे. पहिल्यांदा जाणाऱ्याला सांगणारे खूप असतात. अमक्याच्या मेहुण्याचं झालं, तमकीची सासू दुसऱ्या दिवशी घरी आली. दुसऱ्यांदा जाणाऱ्याशी मात्र कुणी बोलत नाही. एकदा फसलेल्या गोष्टीबद्दल काय बोलायचं, हे लोकांना सुचत नसावं. तशा कुणाच्या हाती हे पडलं तर बरं, म्हणून लिहितेय.

मी शुभांगी तावडे. वय एकोणपन्नास. एका सरकारी कार्यालयात लघुलेखक आहे. म्हणजे साहेब बोलतात, मी शॉर्टहँडमध्ये उतरवून घेते आणि मग टाईप करते. लोकांचं हातावर पोट असतं, माझं कानावर.

एक अक्षर

आमच्या कार्यालयात सुनावण्या चालतात आणि शेवटी साहेब निकाल सांगतात. त्या दिवशी साहेबांनी सांगितलं, "सबब अर्जदाराचा अर्ज नामंजूर करण्यात येत आहे." मी टाईप केलं, "मंजूर करण्यात येत आहे." साहेब सही करण्यापूर्वी शेवटचं पान वाचतात, म्हणून मी वाचले.

त्यांनी मला आत बोलावलं. "तावडे मॅडम, मी काय म्हणालो होतो?"

"मंजूर, साहेब."

"नामंजूर म्हणालो." ते रागावले नाहीत. चष्मा काढून ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिले. "तुम्हाला नीट ऐकू येतंय ना?"

"येतं, साहेब."

जागेवर आले, दुरुस्ती केली, पान पुन्हा काढलं. जेवणाच्या सुट्टीत डबा खाल्ला. भेंडीची भाजी होती. नंतर मला कितीतरी जणांनी विचारलं, धक्का बसला असेल ना? नाही बसला. काहीच झालं नाही. ज्या गोष्टीची दोन वर्षं भीती बाळगली ती समोर आली, तेव्हा आत भीती उरलीच नव्हती. मी दोन वर्षं अंदाजावर नोकरी करत होते. निकालांची वाक्यं ठरलेली असतात, पहिले चार शब्द कळले की पुढचे सहा आपोआप लिहिता येतात. पण "ना" अंदाजानं लिहिता येत नाही.

कान वाहायचा

माझं लहानपण लालबागच्या चाळीतलं. वडील गिरणीत साचाखात्यात होते. साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, आवाजात उभी हयात काढलेली माणसं घरीही ओरडूनच बोलतात. आमच्या खोलीत चौघं होतो आणि चौघंही ओरडत असू. त्यामुळे शुभाला कमी ऐकू येतं, हे दहावीपर्यंत कुणाच्या लक्षातच आलं नाही. उजवा कान वाहायचा. आई लसूण घालून तेल कोमट करायची आणि कानात सोडायची, वर कापसाचा बोळा. (हे करू नका. मला डॉक्टरांनी सांगितलं ते मी तुम्हाला सांगते.) डावा कान लहानपणी गालफुगी झाली तेव्हाच निम्मा गेला होता. त्यामुळे वाहता असला तरी माझा खरा कान उजवाच.

चाळिसाव्या वर्षी त्याचं पहिलं ऑपरेशन झालं. पडद्याला भोक होतं आणि आतल्या तीन इवल्या हाडांपैकी एक किडून गेलं होतं. पडदा शिवला, हाडाच्या जागी तांदळाच्या दाण्याएवढं बनावट हाड बसवलं. मी तयार नव्हते. माझे यजमान, विलास, महिनाभर मागे लागले होते. "अगं, आजकाल सगळं होतं. कशाला भितेस?" झालंही चांगलं. सहा वर्षं मला पलीकडच्या खोलीतल्या कुकरची शिट्टी ऐकू येत होती. मग हळूहळू येईनाशी झाली. मी कुणाला सांगितलं नाही. एकदा दुरुस्त करून घेतलेली वस्तू पुन्हा बिघडली की सांगायला लाज वाटते, तसं.

तपासणी

साहेबांनी विचारल्याच्या आठवड्यात मी परळच्या त्याच रुग्णालयात गेले. बरोबर विलास होते. ते गोदीत फिटर आहेत, रजा टाकून आले होते. मुलगी ईशा नोकरीवर गेली होती.

आधी एका काचेच्या खोलीत बसवतात. डोक्यावर हेडफोन आणि हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी हुशारी करायला गेले. काचेपलीकडच्या मुलीचा खांदा हलला की दाबत होते. तिच्या लक्षात आलं. तिनं मला उठवून भिंतीकडे तोंड करून बसवलं. मग मी बटण हातात धरून नुसती बसून राहिले.

डॉक्टर बाई पन्नाशीच्या होत्या, आडनाव साठे. सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ कानात बघत होत्या. मग समोर येऊन बसल्या आणि सावकाश बोलल्या.

"बसवलेलं हाड जागेवरून सरकलंय. आणि मागच्या बाजूला कातडीच्या पापुद्र्यांचा गोळा झालाय. तो वाढतो आणि आजूबाजूचं हाड खातो. तसाच ठेवता येणार नाही. पुन्हा उघडावं लागेल."

"ऐकू येईल?" विलासनी विचारलं.

"प्रयत्न करू. पण आधी गोळा काढायचा, ऐकू येण्याचं नंतर. दुसऱ्या वेळी आत सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं, त्यामुळे धोका पहिल्यापेक्षा जास्त. चक्कर राहू शकते. जिभेची चव जाऊ शकते. चेहऱ्याची नस तिथूनच जाते. आणि क्वचित कान पूर्ण जातो." मग माझ्याकडे वळून, ओठ नीट हलवत त्यांनी विचारलं, "कळलं का तुम्हाला?"

कळलं होतं. मी विचारलं, "केसपेपर कुठे जमा करायचा?"

घरी आल्यावर विलास म्हणाले, "तुला काही वाटतं की नाही?" मी खरंच शोधून पाहिलं. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल कसा आपला असतो आणि नसतोही, तसं सगळं होतं.

सही

विलास नको म्हणाले. एकदा नाही, रोज म्हणाले. आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. मग गिरगावातल्या एका वैद्यांना विचारू. मग डावा आहे ना, त्याला मशीन लावू आणि ऑफिसात टेबल बदलून घेऊ. दुसऱ्या डॉक्टरनंही तेच सांगितलं, तेव्हा ते चिडले.

"पहिल्या वेळीपण असंच बोलले होते! पुन्हा सुरी नको म्हणजे नको."

"गोळा वाढतोय, अहो."

"मग वाढू दे!" म्हणाले आणि चपला घालून खाली गेले.

मला ते वाक्य पुरं ऐकूही आलं नव्हतं. ईशानं मोबाईलवर टाईप करून दाखवलं, कारण मी तिला विचारलं, बाबा काय म्हणाले? ती बावीस वर्षांची. त्या दोन वर्षांत आमच्या घरात बोलणं असंच होत होतं. ती आतल्या खोलीतून मला मेसेज करायची, "जेवायला काय आहे?" मी उत्तर लिहायची. तिला तेच बरं वाटतं, आजकालच्या मुलांचं असंच असतं, असं मी धरून चालले होते.

भरती व्हायच्या दिवशी विलास आले नाहीत, कामावर गेले. फॉर्मवर मी सही केली आणि नातेवाईक म्हणून खाली ईशानं. सही करण्याआधी तिनं फॉर्म दोनदा वाचला. मी ते बघितलं आणि सिस्टरला विचारलं, बांगड्या आत्ता काढायच्या की सकाळी.

टेबलावर

मला भूल पूर्ण दिली नव्हती. कानाभोवती सुया दिल्या आणि गुंगीचं औषध. डोकं डावीकडे वळवून वर हिरवं कापड. तुमचंही असंच असेल तर एवढंच सांगते, सुया लागतात, पुढचं लागत नाही. पण आवाज येतो. हाडाला ड्रिल लागलं की तो आवाज बाहेरून येत नाही, आपल्याच कवटीतून निघतो. मध्येच एकदा सगळी खोली गर्रकन फिरली. "झालं, झालं, हलू नका," असं कुणीतरी म्हणालं असावं, कारण माझ्या कपाळावर हात आला.

अडीच तास झाले होते आणि नवं हाड बसवून झालं होतं, हे मला नंतर कळलं. अचानक एक आवाज आला. ट्रेमध्ये चिमटा ठेवल्याचा. बारीक, धारदार आणि अगदी जवळ. मग कुणाच्या तरी रबरी चपलेचा करकर आवाज. मग एक बाई बोलली, जरा घोगऱ्या आवाजात.

"तावडे, मी म्हणते ते मागून म्हणा. पेरू."

"पेरू."

"दगड."

"दगड."

"आरसा."

"आरसा."

डॉक्टर साठेंचा आवाज घोगरा आहे, हे मला तेव्हा कळलं. तीन महिने मी त्यांचे नुसते ओठ बघत होते. आणखी पाच-सहा शब्द झाले. मग त्यांनी कान आतून बोळ्यांनी भरायला घेतला आणि आवाज एकेक पायरी उतरत खाली गेला. चिमटा गेला, चपला गेल्या, शेवटी डॉक्टर गेल्या.

बाहेर आणल्यावर मला सांगितलं, दात दाखवा, डोळे घट्ट मिटा. दोन्ही जमलं. चेहरा शाबूत होता. कानाला हात लावून पाहिला तर तो रबराचा वाटला, दुसऱ्या कुणाचा तरी मला चिकटवलेला. वरच्या अर्ध्या भागाला अजूनही स्पर्श कळत नाही. कानातलं घालताना आरशात बघून घालावं लागतं.

शेजारची खाट

शेजारच्या खाटेवर कफ परेडच्या मच्छीमार नगरातल्या एक बाई होत्या, गुलाबताई. त्यांचं ऑपरेशन आदल्या दिवशी झालेलं, डाव्या कानाचं, पहिलंच. डोक्याला माझ्यासारखीच पट्टी. दोघींनाही धड ऐकू येत नव्हतं. त्यामुळे आम्ही जे बोलायचो ते सगळा वॉर्ड ऐकायचा.

"काय गो, तुझा दुसऱ्यांदा? मंग पयल्यांदा काय केला?"

हा प्रश्न मला तोवर कुणी सरळ विचारला नव्हता. मी ओरडून सांगितलं, "सहा वर्षं चाललं!"

"सहा वर्षं कमी हाय काय? आमच्या होडीचा इंजिन चार वर्षं चालत नाय!"

मी हसले असणार, कारण पट्टीखाली टाके ओढले गेले. संध्याकाळी त्यांच्या सुनेनं आणलेली खिमटी त्यांनी अर्धी मला दिली. मला चव लागली नाही. जिभेच्या उजव्या बाजूला तांब्याचा पैसा ठेवल्यासारखं वाटत होतं. तरी मी ती संपवली. त्या बघत होत्या म्हणून.

त्याच वेळी विलास आले. कामाच्या कपड्यांतच होते, हातात पेजेचा थर्मास. खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. काहीतरी बोलले. मी कानाकडे बोट दाखवून मान हलवली. त्यांनी थर्मास ठेवला आणि चादर नसतानाही माझ्या पायांवर चादर ओढल्यासारखा हात फिरवला.

वही

घरी आल्यावर दीड महिना कान बंद. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं, ओझं उचलायचं नाही, कानात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही. मोबाईलवर टाईप करायला विलासना जमत नाही, म्हणून त्यांनी एक दोनशे पानी वही आणली. पहिल्या दिवशी त्यात लिहिलं, "भात की पेज." दुसऱ्या दिवशी, "गोळी घेतली का." तिसऱ्या दिवशी, "दूधवाला उद्या नाही." माझ्या संसारातलं सगळं बोलणं एका वहीत मावतंय, असं वाटलं.

आठव्या की नवव्या दिवशी ते दुपारची पाळी टाळून घरीच राहिले. वही घेऊन समोर बसले. बराच वेळ लिहीत होते. त्यांना लिहायची सवय नाही, पेन फार दाबतात. मग वही माझ्याकडे सरकवली आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.

लिहिलं होतं, "पहिल्या वेळी तू नको म्हणत होतीस. मीच तुला तयार केलं. सही मी केली होती. कान पुन्हा गेला तेव्हा माझ्यामुळे गेला असं वाटलं. ह्या वेळी सही करायला हात धजला नाही. म्हणून आलो नाही. पोरीला करायला लागली. चूक झाली."

मी दोनदा वाचलं. रडू यायला हवं होतं. मी उठून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. आमच्या चौदाव्या मजल्यावरून खाली शेजारच्या इमारतीचं बांधकाम दिसत होतं, क्रेन फिरत होती, तिचा आवाज नव्हता. मी म्हटलं, "तुमच्यामुळे मला सहा वर्षं ऐकू आलं." केवढ्यानं म्हटलं ते मला कळलं नाही. बहुतेक फार मोठ्यानं, कारण ते दचकले. मग त्यांनी माझा डावा खांदा धरला, पट्टीपासून लांबचा.

बोळा निघाला तेव्हा

दीड महिन्यांनी डॉक्टरांनी कान साफ केला. मी तयारीनं गेले होते. टेबलावरचा तो चिमटा मला पुन्हा ऐकायचा होता. बोळा निघाला आणि काहीच झालं नाही. डॉक्टरांचे ओठ हलले. मी म्हटलं, "नाही येत."

त्यांनी कागदावर लिहून दिलं, "आत सूज आहे. पडदा चांगला धरलाय. थांबा."

दुसऱ्यांदा जाणाऱ्यांना मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. थांबण्याचे दिवस ऑपरेशनपेक्षा कठीण असतात. पट्टी असते तोवर लोक विचारपूस करतात, पट्टी निघाली की त्यांच्या हिशेबी तुम्ही बरे झालात. मी कामावर रुजू झाले. पहिल्याच दिवशी साहेबांकडे जाऊन खरं सांगून टाकलं. दोन वर्षं लपवलं, हेही सांगितलं. म्हटलं, मला डिक्टेशनवरून काढा. साहेबांनी मला अभिलेख कक्षात पाठवलं. तिथे जुन्या फाईली लावायच्या, कुणी बोलत नाही. मला वाईट वाटलं नाही, बरंही वाटलं नाही. फाईली लावल्या.

तिसऱ्या महिन्यात आवाज परत यायला लागले. चिमट्यासारखे एकदम नाही. आधी नळ. मग कागद. एक दिवस भाकरी थापताना माझ्याच तळव्यांचा आवाज आला आणि मी हात थांबवून बघितले. पुन्हा काचेच्या खोलीत तपासणी झाली. ह्या वेळी मी आपणहून भिंतीकडे तोंड करून बसले. डॉक्टर म्हणाल्या, "पहिल्या ऑपरेशननंतर होतं तेवढं आलेलं नाही. पुढेही येईलच असं मी सांगणार नाही. पण समोरच्याचं बोलणं कळेल. डाव्याला मशीन लावा. आणि दर सहा महिन्यांनी दाखवायला या, गोळा पुन्हा होतो कधी कधी."

तिसऱ्यांदाही लागू शकतं, असा त्याचा अर्थ. मला तो कळला. बाहेर येऊन मी विलासना तेवढंच सांगितलं, "बोलणं कळेल."

शनिवार

त्यानंतर पंधराएक दिवसांनी, शनिवारी दुपारी, मी ओट्याशी तांदूळ निवडत होते. विलास कामावर होते. ईशा न्हाणीघरात होती आणि नळ सोडलेला होता. नळाचा आवाज मला आता ओळखीचा झाला होता. पण त्याच्या खाली आणखी एक आवाज होता. आधी वाटलं पाईपमध्ये हवा अडकलीये. थांबून थांबून येत होता. मी ताट खाली ठेवलं आणि दाराजवळ गेले. उजवा कान दाराला लावला.

ईशा रडत होती. आवाज येऊ नये म्हणून नळ सोडून, तोंड दाबून.

मी दार वाजवलं. आवाज लगेच थांबला. "आले गं, दोन मिनिटं," ती म्हणाली. साध्या, रोजच्या आवाजात. मला ऐकू येत नाही असं धरून ती दोन वर्षं वावरत होती, माझ्यापासून आवाज लपवायची तिला गरजच पडली नव्हती. आता तिनं तो सावरला, आणि ते सावरणं मला ऐकू आलं.

"ईशा, दार उघड."

"अगं, आंघोळ..."

"मला ऐकू आलंय. उघड."

तिनं दार उघडलं. कपडे कोरडे होते. मी तिला विचारलं, "किती दिवस?"

तिनं नळ बंद केला. मग म्हणाली, "खूप दिवस, आई. दीड वर्ष असेल."

दीड वर्ष. आतल्या खोलीतून मेसेज येत होते, जेवायला काय आहे, आणि मी लिहीत होते, वांगं. काय झालं होतं ते तिचं आहे, इथे लिहिणार नाही. पण ते कुणाला तरी सांगण्यासारखं होतं, आणि घरात आई असून तिला ते सांगायचं तर ओरडून सांगावं लागलं असतं. असल्या गोष्टी कुणी ओरडून सांगत नाही.

आम्ही न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसलो. तिनं माझ्या मांडीत तोंड खुपसलं आणि बोलायला लागली. तिचे ओठ मला दिसत नव्हते. मी मान खाली घातली, उजवा कान तिच्या केसांजवळ नेला. काही शब्द निसटले. तेव्हा मी म्हटलं, "हे कळलं नाही, पुन्हा सांग," आणि तिनं पुन्हा सांगितलं. हळूच, त्याच आवाजात. माझ्या नाकावरून पाणी ओघळून तिच्या मानेवर पडत होतं. ते मी थांबवलं नाही. तिचं बोलणं चालू होतं.